बंद कपाटातील श्रुत आणि उघडे पान : धवला ग्रंथाच्या संपादन-अनुवादाची कथा

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आपण श्रुतपंचमी साजरी करतो. मंदिरातील शास्त्रे बाहेर काढली जातात, त्यांची धूळ झटकली जाते, जुनी वेष्टने बदलून नवी घातली जातात आणि जिनवाणीची पूजा होते. दिगंबर परंपरेनुसार याच तिथीला आचार्य पुष्पदंत व आचार्य भूतबली यांनी लिपिबद्ध केलेल्या षट्खंडागमाची चतुर्विध संघाने पूजा केली. तीर्थंकरांच्या वाणीचा जो अंश तोवर केवळ गुरुमुखातून शिष्याच्या कानी पडत होता, तो त्या दिवशी प्रथम ग्रंथरूपाने समोर आला. म्हणूनच हा दिवस एका लेखनाचा, म्हणजे ज्ञान टिकवण्यासाठी केलेल्या मानवी प्रयत्नाचा उत्सव आहे.

परंतु ज्या ग्रंथाच्या नावाने हा उत्सव होतो, तो ग्रंथ गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत कोणा श्रावकाला वाचावयास मिळत नव्हता, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्याचे दर्शन होत असे. त्याचे वाचन होत नसे. दर्शनापासून वाचनापर्यंतचा हा प्रवास कसा घडला, त्यात कोणाचे धन, कोणाचे डोळे आणि कोणाचे धैर्य खर्ची पडले, आणि या प्रवासात आपल्या महाराष्ट्रातील अमरावती, कारंजा, सोलापूर, कोल्हापूर या गावांचा वाटा कोणता, हे आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

ग्रंथाची ओळख

गिरनार पर्वतावरील चंद्रगुहेत राहणारे आचार्य धरसेन यांना श्रुतज्ञानाचा लोप होईल अशी चिंता वाटली. त्यांनी दक्षिणापथातील मुनिसंघाला पत्र पाठवून दोन समर्थ शिष्य मागवले. हे मुनी म्हणजेच पुष्पदंत आणि भूतबली. गुरूंकडून मिळालेले ज्ञान पुष्पदंतांनी 177 सूत्रांत गुंफण्यास आरंभ केला आणि पुढील रचना भूतबलींनी पूर्ण केली. जीवस्थान, क्षुद्रकबंध, बंधस्वामित्वविचय, वेदना, वर्गणा आणि महाबंध असे त्याचे सहा खंड आहेत. जीव कोण, तो कोणत्या अवस्थांतून जातो, कर्म त्याला कसे बांधते आणि तो बंध कसा सुटतो, याचा सूक्ष्म विचार या सूत्रांत आहे.

या सूत्रांवर राष्ट्रकूट काळात आचार्य वीरसेनांनी ‘धवला’ नावाची विशाल टीका लिहिली. शके 738 म्हणजे इ. स. 816 हा तिच्या समाप्तीचा काळ डॉ. हीरालाल जैन यांनी मांडला आहे. परंपरेने तिचे प्रमाण बहात्तर हजार श्लोकांइतके मानले आहे. भाषा प्राकृत व संस्कृत यांची मिश्र. एखाद्या रत्नहारात मणी आणि पोवळी एकाआड एक ओवावीत तशी ही रचना. वाक्य प्राकृतात सुरू होते आणि विवेचन संस्कृतात शिरते. कषायप्राभृतावरील ‘जयधवला’ टीका वीरसेनांनी आरंभिली आणि त्यांचे शिष्य जिनसेन यांनी ती शके 759 मध्ये पूर्ण केली. सहावा खंड महाबंध हा ‘महाधवल’ या नावाने ओळखला गेला. या तिन्हींना मिळून आपले पूर्वज ‘सिद्धांतग्रंथ’ म्हणत.

मूडबिद्रीची सिद्धांतबसदी

कर्नाटकातील मूडबिद्री येथील सिद्धांतबसदीत जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर हे ग्रंथ शतकानुशतके सांभाळले गेले. या सांभाळाचे मोल फार मोठे आहे. देशात अन्यत्र या ग्रंथांच्या प्रती नष्ट झाल्या, पण मूडबिद्रीच्या भट्टारकांनी आणि पंचांनी त्या जपल्या. वाळवी, दमट हवा, राजकीय उलथापालथ या साऱ्यांतून ही पाने वाचली, हे त्यांचेच पुण्य होय. मात्र जपणुकीच्या या निष्ठेतूनच एक कडक नियम तयार झाला होता. यात्रेकरूंना ग्रंथांचे दर्शन घडे. परंतु ग्रंथ बाहेर जात नसे, त्याची नक्कल होत नसे, आणि ती लिपी व ती भाषा जाणणारेही हळूहळू दुर्मिळ होत गेले.

1883 च्या सुमारास मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद पानाचंद यात्रेच्या निमित्ताने मूडबिद्रीस गेले. ताडपत्रे जीर्ण होत असल्याचे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. परतल्यावर त्यांनी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना ही हकीकत सांगितली. हिराचंद शेठ म्हणजे सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे पत्र काढणारे, विद्येची तळमळ असणारे गृहस्थ. तेही मूडबिद्रीस जाऊन आले. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री ती लिपी वाचू शकत असत. त्यांच्या मुखातून ग्रंथाचा काही भाग ऐकल्यावर दोघा शेठजींच्या मनात नक्कल करवून घेण्याचा निश्चय दृढ झाला.

निश्चय झाला तरी काम उभे राहावयास आणखी एक तप गेले. ब्रह्मसूरी शास्त्री आणि गजपती उपाध्याय यांच्याकडे नकलेचे काम सोपवण्यात आले. ब्रह्मसूरी शास्त्रींच्या निधनानंतर भार गजपती उपाध्यायांवर आला. पुढे इतर पंडितही या कामात सहभागी झाले. तिन्ही सिद्धांतग्रंथांच्या नकला पूर्ण होण्यास सुमारे पाव शतक लागले. पण या नकलाही मूडबिद्रीतच राहावयाच्या, अशी अट होती. ताडपत्राच्या शेजारी कागद आला, पण कपाटाचे दार बंदच राहिले.

एक नैतिक पेच

यानंतरची घटना धवलेच्या पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत नमूद आहे, आणि ती वाचताना आजही मन द्विधा होते. मंदिरासाठी नक्कल करीत असतानाच गजपती उपाध्यायांनी आपली विदुषी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे आणखी एक कन्नड प्रत तयार केली. ती प्रत घेऊन ते प्रथम ज्यांच्या प्रेरणेने काम सुरू झाले होते त्या सोलापूरच्या हिराचंद शेठजींकडे आणि मुंबईच्या माणिकचंद शेठजींकडे गेले. ज्या ग्रंथासाठी या दोघांनी इतकी वर्षे धडपड केली तो ग्रंथ दाराशी आला असतानाही त्यांनी तो घेण्यास नकार दिला. मूडबिद्रीच्या पंचांना दिलेल्या शब्दाशी हे विसंगत ठरेल, असे त्यांना वाटले.

शेवटी सहारनपूरचे लाला जंबूप्रसाद यांनी ती प्रत घेऊन आपल्या मंदिरात विराजमान केली. तेथे कन्नड प्रतीवरून देवनागरी प्रत करवून घेण्यात आली. पंडित विजयचंद्रय्या वाचीत आणि पंडित सीताराम शास्त्री लिहीत. सीताराम शास्त्रींनी याच कामातून एक प्रत स्वतःजवळ ठेवली, आणि तिच्या नकला होत होत त्या अमरावती, कारंजा, आरा अशा अनेक ठिकाणच्या भांडारांत पोहोचल्या.

येथे निवाडा कसा करावा? शेठजींची सचोटी वंदनीय आहे. शब्द पाळणे हा आपल्या व्रतांचाच भाग आहे. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्या गुप्त प्रतीवाचून धवला पुढील कित्येक वर्षे जगासमोर आली नसती. रात्री दिव्याच्या उजेडात पतीबरोबर अक्षरे उतरवणाऱ्या लक्ष्मीबाईंचे नाव आपल्या श्रुतपंचमीच्या प्रवचनांत क्वचितच ऐकू येते. कृतीचे समर्थन न करताही त्या श्रमांचे स्मरण ठेवता येते, एवढेच येथे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

छापण्याचा विरोध आणि अनुवादाची निकड

प्रती पसरल्या तरी ग्रंथ छापावा की नाही, हा वाद उभा होताच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही अनेक धर्मश्रद्ध मंडळींचा शास्त्रे छापण्यास विरोध होता. छापखान्यातील रूळ आणि शाई शुद्ध नसतात, छापील पान कोणाच्याही हाती जाते, ते रद्दीत पडते, शास्त्राची आशातना होते, असे आक्षेप होते. सिद्धांतग्रंथांच्या बाबतीत आणखी एक आक्षेप असे : हे ग्रंथ गृहस्थांनी वाचण्याचे नव्हेत.

परंतु काळ बदलत होता. जर्मन पंडित हर्मन याकोबी यांनी 1879 मध्ये कल्पसूत्राची चिकित्सक आवृत्ती काढली आणि पुढे ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेत 1884 मध्ये आचारांग व कल्पसूत्र यांचा, तर 1895 मध्ये उत्तराध्ययन व सूत्रकृतांग यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. जैन धर्म ही बौद्ध धर्माची शाखा आहे, असे तोवर काही युरोपीय विद्वान समजत. याकोबींच्या संशोधनाने तो समज दूर होण्यास मोठे साहाय्य झाले. मात्र त्यांच्या आचारांगाच्या अनुवादातील काही शब्दांच्या अर्थामुळे जैन समाजात तीव्र नाराजीही उमटली, आणि तो वाद पुढे अनेक वर्षे चालला. यातून समाजाला दोन धडे मिळाले. अनुवाद झाला नाही तर जग आपल्याला ओळखत नाही, आणि परंपरेचे मर्म जाणणारे विद्वान आपल्यात तयार झाले नाहीत तर आपल्या ग्रंथांचे अर्थ इतरच ठरवतात.

या काळात आपल्याकडेही काम सुरू झाले होते. स्थानकवासी परंपरेतील अमोलक ऋषीजींनी बत्तीस आगमांचा हिंदी अनुवाद केला. मुंबईत 1915 मध्ये शेठ माणिकचंद यांच्या स्मरणार्थ ग्रंथमाला सुरू झाली व पंडित नाथूराम प्रेमी यांनी ती निष्ठेने चालवली. कोल्हापुरात कल्लाप्पा भरमाप्पा निटवे यांनी जैन ग्रंथ मराठी अनुवादासह छापले. कारंजा येथील भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ 1931 पासून कारंजा ग्रंथमालेतून प्रसिद्ध होऊ लागले. त्यांतील पहिला, पुष्पदंत कवीचा ‘जसहरचरिउ’, डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केला होता. सिद्धांतग्रंथांना हात घालण्याची पूर्वतयारी अशी होत होती.

अमरावतीचे कार्यालय

हे धैर्य दाखवले डॉ. हीरालाल जैन यांनी. मूळचे मध्य प्रांतातील नरसिंहपूर जिल्ह्याचे हे विद्वान अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. मध्य प्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांच्या सूचीच्या कामात त्यांनी कारंजाची भांडारे जवळून पाहिली होती. विदिशा (तेव्हाचे भेलसा) येथील श्रीमंत शेठ लक्ष्मीचंद्र यांच्या दानातून जैन साहित्योद्धारक फंड स्थापन झाला आणि त्याचे कार्यालय अमरावतीत आले. 1939 मध्ये षट्खंडागमाचा पहिला भाग धवला टीका आणि हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला.

संपादनात पंडित फूलचंद्र सिद्धांतशास्त्री आणि पंडित हीरालाल सिद्धांतशास्त्री हे साहाय्यक होते. पुढे पंडित बालचंद्र शास्त्री आले. संशोधनात पंडित देवकीनंदन सिद्धांतशास्त्री आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील अर्धमागधीचे प्राध्यापक डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचे साहाय्य मिळाले. ही रचना लक्षात घेण्यासारखी आहे. एका बाजूला परंपरेत वाढलेले, कर्मसिद्धांत मुखोद्गत असलेले पंडित. दुसऱ्या बाजूला पाठभेद, भाषाशास्त्र आणि इतिहास यांची आधुनिक शिस्त जाणणारे प्राध्यापक. पंडितांना छापील आवृत्तीचे तंत्र अपरिचित होते, तर प्राध्यापकांना सिद्धांताच्या गाभ्यात शिरण्यासाठी पंडित हवे होते. दोघे एका मेजावर बसले म्हणून हे कार्य सिद्धीस गेले.

अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती समोर ठेवून पाठ निश्चित करण्यात आला. पानाची मांडणीही विचारपूर्वक केलेली होती. वर मोठ्या अक्षरात सूत्र, त्याखाली धवला टीका, त्याखाली हिंदी अनुवाद आणि तळाशी पाठभेद व इतर ग्रंथांतील समांतर स्थळे. जेथे केवळ अनुवादाने अर्थ उलगडत नाही तेथे ‘विशेषार्थ’ या शीर्षकाखाली स्वतंत्र विवरण दिले. आचार्यांचे म्हणणे कोठे संपते आणि अनुवादकाचे स्पष्टीकरण कोठे सुरू होते, हे वाचकाला पानावरच दिसते. ज्याला मूळ कळते त्याने मूळ वाचावे, ज्याला कळत नाही त्याने अनुवाद वाचावा, आणि ज्याला शंका येईल त्याने दोन्ही ताडून पाहावेत, असा हा उघडा व्यवहार होता.

संख्यांची भाषा

अनुवादाचे खरे कष्ट दिसतात ते तिसऱ्या भागात. द्रव्यप्रमाणानुगम या प्रकरणात जीवांच्या संख्येचा विचार आहे. येथे केवळ प्राकृत जाणून भागत नाही. गणित समजावे लागते. एकच उदाहरण देतो. धवलेत ‘अर्धच्छेद’ हा शब्द येतो. शब्दशः अर्थ ‘अर्धे तुकडे’ असा होईल, आणि तेवढ्यावर थांबणाऱ्या अनुवादातून काहीच बोध होणार नाही. वस्तुतः एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, ती गणना म्हणजे अर्धच्छेद. सोळाचे निम्मे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचे एक. म्हणून सोळाचे अर्धच्छेद चार. बत्तीसाचे पाच. आज शाळेत ज्याला दोन पायाचा लॉगॅरिथम म्हणतात, तीच ही कल्पना. वीरसेन आचार्य तिचे नियमही वापरतात : दोन संख्यांच्या गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज.

दुसरा शब्द ‘वर्गितसंवर्गित’. संख्येला तिच्याच इतक्या वेळा तिनेच गुणावयाचे. दोनाचे पहिल्यांदा चार होतात, दुसऱ्यांदा चाराचे 256, आणि तिसऱ्यांदा 256 या संख्येचा 256 वा घात. ही संख्या लिहू गेल्यास 617 अंकी भरेल. अनंताचे प्रकार सांगण्यापूर्वी आचार्य वाचकाच्या बुद्धीला अशा पायऱ्यांनी वर नेतात. संपादकांनी या विषयासाठी गणितज्ञांचे साहाय्य घेतले, आणि 1942 मध्ये निघालेल्या चौथ्या भागात लखनौ विद्यापीठातील गणिताचे विद्वान डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील इंग्रजी निबंध समाविष्ट केला. भारतीय गणिताच्या इतिहासकारांचे लक्ष धवलेकडे वळले ते यामुळे. शतकानुशतके केवळ ज्याला अक्षता वाहिल्या जात होत्या, त्या पोथीत अशी विद्या होती, हे अनुवादाने दाखवले.

एका शब्दाचे मोल

आता त्या प्रसंगाकडे वळू, ज्याने संपादकांच्या सचोटीची कसोटी पाहिली. पहिल्या भागातील 93 व्या सूत्रात मनुष्यिणींच्या गुणस्थानांचा विचार आहे. उपलब्ध प्रतींत तेथे ‘संजद’ म्हणजे ‘संयत’ हा शब्द नव्हता. मात्र पुढील टीका आणि ग्रंथाचा एकंदर संदर्भ पाहता तो शब्द तेथे असलाच पाहिजे, असे संपादकांना वाटले. त्यांनी प्रतींतील पाठात मुकाट्याने भर घातली नाही. हा शब्द येथे सुटला असावा, असे तळटीपेत स्पष्टपणे नोंदवले.

यावरून मोठा वाद पेटला. हा शब्द मान्य केला तर स्त्रीमुक्तीविषयीच्या दिगंबर आम्नायाला बाध येईल, असे काही विद्वानांना वाटले. येथे मनुष्यिणी हा शब्द भाववेदाच्या अपेक्षेने आहे, म्हणून शब्द मान्य करूनही आम्नायाला बाध येत नाही, असे दुसऱ्यांचे म्हणणे होते. लेख निघाले, सभा झाल्या, चर्चा झडल्या. त्या तात्त्विक प्रश्नाचा निर्णय देणे हे या लेखाचे काम नाही. आपल्याला पाहावयाचे आहे ते एवढेच, की शेवटी उत्तर कोठून मिळाले.

उत्तर मिळाले मूडबिद्रीतून. आरंभीचे भाग प्रसिद्ध झाल्यावर, ग्रंथ किती श्रद्धेने आणि शुद्धतेने छापला जात आहे हे पाहून तेथील तत्कालीन भट्टारकांनी व पंचांनी ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्यास अनुमती दिली. शतकानुशतके बंद असलेले दार असे आतूनच उघडले. ताडपत्रांवर 93 व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द आढळला. तो कसा सुटला, हे समजणेही कठीण नाही. त्या शब्दाच्या आधी लगतच ‘संजदासंजद’ हा शब्द येतो. सारखी अक्षरे लागोपाठ आली की लिहिणाऱ्याची नजर एका शब्दावरून दुसऱ्यावर सरकते आणि मधला शब्द राहून जातो. ताडपत्रावरून कन्नड प्रत, तीवरून देवनागरी, तीवरून आणखी नकला : एवढ्या हातांतून जाताना एक शब्द गळाला, आणि त्यावर समाजभर वाद झाला.

याच सुमारास आणखी एक कार्य महाराष्ट्रात घडले. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांना ग्रंथांच्या जीर्णतेची चिंता लागली होती. त्यांच्या प्रेरणेने सिद्धांतग्रंथ ताम्रपटांवर कोरवून घेण्यात आले व ते ताम्रपट फलटण येथे सुरक्षित ठेवले गेले. ताम्रपटावर कोणता पाठ कोरावा, हा प्रश्नही त्या वेळी ऐरणीवर आलाच. तांब्यावर कोरलेले अक्षर सहजी बदलता येत नाही. म्हणून कोरण्यापूर्वी ते शुद्ध आहे की नाही, हे पाहावे लागते. ताम्रपट ग्रंथाला आयुष्य देतो, तर अनुवाद त्याला वाचक देतो. दोन्हींची आवश्यकता होती आणि आहे.

सोळा भाग आणि पुढील परंपरा

पहिला भाग निघाला त्याच वर्षी युरोपात महायुद्ध सुरू झाले. पुढे कागद महागला, मिळेनासा झाला. तरी भाग निघत राहिले. जवळजवळ दोन दशकांत पाच खंडांवरील संपूर्ण धवला टीका सोळा भागांत पूर्ण झाली. सहावा खंड महाबंध 1947 पासून भारतीय ज्ञानपीठाने सात भागांत काढला. जयधवला मथुरेच्या संघाने 1944 मध्ये हाती घेतली आणि ते काम चार दशकांहून अधिक काळ चालले.

या कार्याला स्थैर्य देणारे एक नाव आपल्या सोलापूरचे आहे. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपले धन धर्मकार्यात कोठे लावावे, याविषयी देशभरातील विद्वानांची मते मागवली. 1941 च्या उन्हाळ्यात नाशिकजवळील गजपंथा तीर्थावर विद्वान एकत्र आले आणि त्या विचारविनिमयातून जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापन झाला. आरंभी त्यांनी तीस हजार रुपये दिले. 1944 मध्ये सुमारे दोन लाखांची आपली संपूर्ण मालमत्ता संघाला न्यासरूपाने अर्पण केली. 16 जानेवारी 1957 रोजी त्यांनी समाधिमरण साधले. त्यांच्या नावाच्या ग्रंथमालेचे प्रधान संपादक होते डॉ. उपाध्ये आणि डॉ. हीरालाल जैन. तिलोयपण्णत्ती हा या मालेचा पहिला ग्रंथ. पंडित जिनदास पार्श्वनाथ फडकुले शास्त्री यांनी अनुवादित केलेले पांडवपुराण याच मालेत 1954 मध्ये निघाले. पुढे धवलेचे मूळ भाग दुर्मिळ झाले, तेव्हा त्यांच्या सुधारित आवृत्त्याही सोलापूरच्या याच संघाने प्रसिद्ध केल्या.

ज्या सोलापूरच्या शेठजींनी सचोटीपोटी गुप्त प्रत परत पाठवली होती, त्याच सोलापुरातून अखेर धवला राजमार्गाने देशभर गेली. इतिहासाचा हा न्याय समाधान देणारा आहे.

आपले कर्तव्य

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील जिनमंदिरात प्रस्तुत लेखकाला धवलेचे काही भाग काचेच्या कपाटात दिसले. वर मखमलीचे वेष्टन, त्यावर अष्टगंधाचा ठिपका. परवानगी घेऊन एक भाग उघडला, तर छापखान्यातून आलेली जोडपाने तशीच होती. ती कापलीच गेली नव्हती. म्हणजे घेतल्या दिवसापासून तो भाग कोणी वाचलाच नव्हता. मूडबिद्रीच्या दारावर कुलूप होते म्हणून आपण हळहळतो, पण येथे कपाटाला कुलूपही नव्हते. लिपी ओळखीची, भाषा समजणारी, अर्थ खाली दिलेला. अडसर उरला होता तो केवळ आपल्या उदासीनतेचा.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. प्राकृत ही आपल्या आगमांची भाषा, आणि मराठी ही त्याच प्राकृत परंपरेत जन्मलेली आपली मायबोली. या दोघींचा सन्मान एकाच दिवशी व्हावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. परंतु दर्जा मिळाल्याने ग्रंथ वाचले जात नाहीत. मराठी भाषक श्रावक आजही सिद्धांताकडे मुख्यतः हिंदीच्या दारातून जातो. ते दार उघडून देणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. ते फेडण्याची रीत म्हणजे सोप्या, शुद्ध मराठीत सिद्धांताचा परिचय करून देणारे ग्रंथ सिद्ध करणे, प्राकृत शिकू इच्छिणाऱ्या मुलामुलींना शिष्यवृत्ती देणे, आणि दर श्रुतपंचमीला पूजेनंतर निदान दोन पाने अर्थासह वाचणे.

धवलेची कथा सांगते की एका ग्रंथाला जगासमोर येण्यासाठी जपणारे भट्टारक लागतात, तळमळणारे शेठ लागतात, रात्री जागून लिहिणारे पती-पत्नी लागतात, मत्सर सोडून एकत्र बसणारे पंडित आणि प्राध्यापक लागतात, आणि आपले सर्वस्व देऊन बाजूला होणारा दाता लागतो. एवढ्यांनी आपले काम चोख केले. शेवटचा माणूस जो लागतो तो वाचक, आणि ते काम आपले आहे.

आपल्या न्यासाने पन्नास वर्षांत मंदिर, पाठशाळा आणि समाजसेवा यांची जी परंपरा निर्माण केली, तीत येत्या वर्षांत श्रुतसेवेचे हे दालनही जोडले जावे, अशी जिनेंद्रचरणी प्रार्थना करून हा लेख संपवतो. जय जिनेंद्र.